वहीत नाव नसलेलं मूल: गोवराच्या लसीसाठी वाडा कसा फिरावा

गोवराची लस जगात १९६३ पासून आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती १९८५ साली आली, दुसरा डोस २०१० पासून सुरू झाला. लस बनते पुण्यात आणि तिथून कितीतरी देशांत जाते. गोव्यात तर ती फुकट मिळते, उपकेंद्रही फार लांब नसतं. एवढं सगळं असून २०२४ साली जगात सुमारे ९५ हजार जीव गोवराने गेले. त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं, एकतर लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली. २००० साली हाच आकडा पावणेआठ लाखांच्या घरात होता. म्हणजे लसीने आपलं काम केलंय. राहिलंय ते आपलं, मूल शोधून काढण्याचं.

मी डिचोली तालुक्यात उपकेंद्रावर नर्स होते. निवृत्त झाले तरी अंगणवाडीच्या नव्या सेविका, बचत गटातल्या बायका, एखादा उत्साही पंच घरी येतात आणि विचारतात, ‘सिस्टर, आमच्या वाड्यावरची लसीची यादी पुरी कशी करायची?’ (वाडा म्हणजे आमच्याकडे गावातली एक वस्ती.) त्यांना पडवीत बसवून जे सांगते तेच इथे लिहिते आहे. डॉक्टरांसाठी हे नाही. दोन पाय आणि एक वही असलेल्या कुणालाही हे जमेल.

आधी हिशेब समजून घ्या, नाहीतर पंचाण्णव टक्क्यांचा आग्रह कशाला ते कळत नाही. आजूबाजूला कुणीच सुरक्षित नसेल तर गोवराचा एक रोगी सरासरी बारा ते अठरा जणांना रोग देतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. शिवाय अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो रोग वाटत असतो. ‘उठलं की घरात ठेवू’ म्हणणाऱ्या आईच्या हातात तोवर काही उरलेलं नसतं. म्हणून इतर रोगांना चालते तेवढी ढिलाई इथे चालत नाही. शंभरातल्या पंचाण्णवांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत. २०२४ मध्ये जगात पहिला डोस ८४ टक्के मुलांना मिळाला आणि दुसरा ७६ टक्क्यांना. रोग त्या फटीतून आत येतो.

दोन डोस का, हे तर सेविकांनाही नीट सांगितलेलं नसतं. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना लागू पडते. पोटात असताना आईकडून मिळालेलं संरक्षण काही बाळांत अजून शिल्लक असतं आणि ते लसीला काम करू देत नाही. मग वर्षानंतरच का देत नाही? कारण आपल्याकडे गोवर लहान बाळांनाही गाठतो आणि न्यूमोनिया करून नेतो, तेवढं थांबणं परवडत नाही. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात तो पहिल्याची मुदत वाढवायला नव्हे. पहिल्या वेळी ज्यांना लस लागली नाही त्यांना पुन्हा संधी देण्यासाठी तो असतो. दोन्ही झाले की शंभरातली ९७ मुलं सुरक्षित होतात. एखाद्या पंचायतीत वर्षाला चाळीस मुलं जन्मत असतील आणि सगळ्यांचा फक्त पहिलाच डोस झाला, तर दर वर्षी सहा मुलं उघडी राहतात. पाच वर्षांत तीस. ही तीस मुलं पाच वर्षं गुण्यागोविंदाने खेळतात, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

असं शांत राहणं किती फसवं असतं ते उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर दिसलं. तिथे १७८१ नंतर पासष्ट वर्षं गोवर नव्हता. १८४६ साली तो बोटीतून आला आणि ७,७८२ माणसांतल्या सहा हजारांहून जास्त जणांना झाला. पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर फिरून नोंदी केल्या, तेव्हा त्याला दिसलं की पासष्ट वर्षांपूर्वी गोवर झालेले म्हातारे यंदा सुटले होते. आयुष्यभर टिकणारं संरक्षण म्हणजे काय ते जगाला त्याच्या त्या वहीतून कळलं. मला पानुम आवडतो तो एवढ्यासाठीच, की तो घरोघर गेला.

फिरायचं कसं

तीन याद्या घ्या: उपकेंद्राची वही, अंगणवाडीचं रजिस्टर आणि यू-विनवरची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीवरची नावं. त्या एकमेकींशी जुळवा. दुसरा डोस राहिलेली मुलं इथेच सापडतील आणि तीच संख्येने जास्त असतात. पहिल्या डोसाला आई आठवणीने येते. दुसऱ्याच्या वेळेपर्यंत मूल धावायला लागलेलं असतं, आई कामावर रुजू झालेली असते, आणि कार्ड कपाटात साड्यांच्या खाली गेलेलं असतं. या मुलांना फोन करा. कामाचा हा सोपा भाग झाला.

आता याद्या घरी ठेवा. यादीत तेच असतात जे एकदा तरी आपल्याकडे आले. जे कधीच आले नाहीत त्यांचं नाव कुठल्याच वहीत नसतं, आणि आपली टक्केवारी मात्र त्यांना वगळून छान दिसते.

रस्त्यालगतच्या घरांपासून सुरुवात करू नका. रस्ता जिथे संपतो तिथून सुरू करा. आमच्या भागात ती जागा म्हणजे चिरेखाणीच्या काठावरच्या झोपड्या, बांधकामावरची पत्र्याची शेड, औद्योगिक वसाहतीमागच्या खोल्या आणि घरमालकाने माडाच्या मागे एका ओळीत बांधून भाड्याने दिलेल्या चार-सहा खोल्या. सत्तरी तालुक्यात असाल तर गवळी-धनगरांची डोंगरातली घरं. किनाऱ्याकडे असाल तर जेटीवर ट्रॉलरवाल्यांची कुटुंबं. आणि एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे फाटकावर रखवालदार असलेल्या नव्या कॉलन्या. तिथे अंगणवाडी नसते आणि सिस्टरला आत कुणी सोडत नाही. ‘आमचे डॉक्टर आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. असू देत, पण कार्ड दाखवा म्हणावं. सरकारी लस गोवर आणि रुबेला या दोन रोगांची, म्हणजे एमआर; खासगी डॉक्टर एमएमआर देतात. त्यात गालगुंडाची लस जास्तीची असते, गोवराचा डोस म्हणून ती पूर्ण धरायची. पहिला झाला आणि पुढचा राहिला, हे तिथेही भरपूर सापडतं.

जायचं संध्याकाळी सातच्या सुमाराला किंवा रविवारी. सकाळी दहाला खाणीवर गेलात तर झोपडीत एक आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर भाऊ एवढंच भेटेल. ती बिचारी काय सांगणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निम्मी वस्ती जाते, त्या दिवशी फेरी ठेवू नका.

कुठल्या खोलीत बाळ आहे ते कोण सांगेल? पंच सांगणार नाही, त्याला मतदार माहीत असतात. घरमालकही सांगणार नाही, कारण भाडेकरूंची पोलिसांकडे द्यायची माहिती त्याने दिलेलीच नसते आणि तुमच्या हातातल्या वहीचीच त्याला धास्ती वाटते. विचारा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. उधारीवर दुधाची पिशवी आणि ग्लुकोज बिस्किटं कोण नेतं ते त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. नाहीतर पोदेराला, म्हणजे पाववाल्याला विचारा. सायकलचा भोंपू वाजवत तो ज्या वाटांनी जातो त्या आरोग्य खात्याच्या नकाशावर नसतात, आणि नव्या खोलीत कुणी राहायला आलं की दुसऱ्या दिवशी त्याला ठाऊक असतं. मुकादमाशी मात्र आधी बोलून ठेवा. त्याच्या परवानगीशिवाय आत गेलात तर पुढच्या खेपेला सगळी दारं बंद मिळतील. त्याला सांगायचं, एका पोराला गोवर झाला तर शेडमधली दहा पोरं आजारी पडतील आणि त्यांच्या आया पंधरा दिवस कामावर येणार नाहीत. ही भाषा त्याला लगेच कळते.

दारात गेल्यावर पहिला प्रश्न ‘लस दिली का?’ असा कधी विचारू नका. त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असंच येतं. दोरीवर झबली वाळताहेत का बघा. ‘किती महिन्यांचा?’ म्हणून विचारा. मग ‘आणि आत कोण झोपलंय?’ आधार कार्ड मागू नका, लसीसाठी ते असायलाच हवं असं काही नाही. कागद मागितला की परगावची माणसं गप्प होतात. आपल्याकडे त्यांना ‘घाटी’ म्हणून हिणवायची खोड आहे, ती घरी ठेवून जायचं. तीच माणसं आपली घरं बांधतात आणि त्यांची मुलं आपल्याच मुलांबरोबर अंगणवाडीत बसतात.

कन्नड येत नसेल तर दोन शब्द पाठ करा: गोवराला ‘दडार’, टोचण्याला ‘चुच्चुमद्दु’. झारखंड, उत्तर प्रदेशकडच्यांना ‘खसरा’ म्हटलं की पुरतं.

जन्मतारीख बहुतेकांना पक्की माहीत नसते. सणावरून काढा. आपल्याकडच्या बाईला विचारा, चवथीच्या आधी की नंतर? शिगम्याला पोटात होता की कुशीत? कर्नाटकातल्या बाईला उगादी आणि दसरा विचारा. नऊ महिने पुरे झालेत का एवढंच तर बघायचं असतं.

कार्ड दिलं तर स्वतः वाचा, आई म्हणते त्यावर जाऊ नका. गोव्यातलं माता-बाल कार्ड तुम्हाला माहीत आहे. कर्नाटकातून आलेल्या बाईकडे ‘तायी कार्ड’ असतं, रंग-रचना वेगळी, अक्षरं कन्नड, पण लसीचे रकाने आणि तारखा ओळखता येतात. गोवर-रुबेलाच्या दोन चौकोनांत तारीख आहे का ते शोधा. डाव्या दंडावरचा व्रण बघून ‘याची लस झालीय’ म्हणणारे खूप भेटतात. तो व्रण बीसीजीचा, जन्मानंतरच्या क्षयरोगाच्या लसीचा. गोवराची लस उजव्या दंडावर देतात आणि तिचा व्रण राहत नाही.

कार्ड हरवलं असेल तर माझा नियम साधा आहे. कार्ड नाही म्हणजे डोस झाला नाही असं धरायचं आणि द्यायचा. चुकून एखादा जास्तीचा झाला तरी मुलाला अपाय होत नाही. राहून गेला तर मात्र होतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला सरकारी केंद्रात राहिलेले डोस मिळतात. सोळा महिन्यांवरच्या मुलाचा एकही झाला नसेल तर आज एक आणि कमीत कमी चार आठवड्यांनी दुसरा.

वहीत काय लिहायचं? मुलाचं नाव, आईचं नाव, फोन, मुकादमाचं नाव, मूळ गाव आणि तालुका, आणि इथे कधीपर्यंत राहणार. खोलीचा पत्ता लिहून उपयोग नाही, तो महिनाभरात बदलतो.

परदेशात असलेल्या गोवेकरांची मुलंही याच वहीत घ्या. इंग्लंडमधल्या स्विंडनहून नाताळला आलेलं दहा महिन्यांचं बाळ असेल तर त्याचा एकही डोस झालेला नसतो, कारण ब्रिटनमध्ये पहिला डोस वर्षाचं झाल्यावर देतात. त्या देशांत गोवर नसतो हा जुना समज आहे. इंग्लंडमध्ये २०२४ साली तपासणीत पक्के ठरलेले २,९११ रुग्ण होते. कॅनडाने गोवर हटवला होता, तिथे वर्षभर साथ चालू राहिल्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये तो दर्जा गेला. विमानाने रोग दोन्ही बाजूंना जातो.

लोक काय म्हणतात आणि आपण काय बोलायचं

‘आमचें भुरगें बरें आसा, कित्याक जाय?’ म्हणजे आमचं मूल बरं आहे, कशाला हवी? हे आपल्या गावच्या आजीचं. तिच्याशी वाद घालू नका, तिला तिच्या लहानपणाबद्दल विचारा. तिच्या पिढीतल्या कुणाच्या तरी घरी गोवरातून गेलेलं मूल असतंच. बोलता बोलता तीच सुनेला पाठवते.

‘आज सर्दी आहे, पुढच्या वेळी.’ खरं सांगायचं तर हे आईपेक्षा आमच्याच लोकांच्या तोंडून जास्त ऐकलं आहे. सर्दी, थोडा ताप, पातळ शौच, मूल हडकुळं आहे, यातलं काहीही लस थांबवायचं कारण नाही. हडकुळ्या मुलाला तर ती आधी मिळायला हवी. थांबायचं ते मूल खूप आजारी असेल तर, आधीच्या डोसाला जबर ॲलर्जी आली असेल तर, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कॅन्सरचे उपचार वगैरे चालू असतील तर. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, मग डोस काही महिने पुढे ढकलतात.

‘ताप येतो.’ येतो काही मुलांना, खोटं बोलू नका. पण या लसीचा ताप त्याच रात्री न येता साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. कुणाच्या अंगावर बारीक पुरळही दिसतं. हे आधी सांगून ठेवलं तर आई घाबरत नाही. सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी तापलेलं मूल बघून ती लसीला नावं ठेवते आणि शेजारच्या तिघींना परत पाठवते. वस्तीवरचे नकार बरेचदा इथून सुरू होतात.

‘मजुरी बुडते.’ याला भाषणाने उत्तर देता येत नाही. सत्र संध्याकाळी खाणीवरच लावा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून तशी मागणी करा. फिरतं पथक मिळू शकतं.

कॉलनीतल्या शिकलेल्या घरांत वेगळंच ऐकू येतं: लसीने ऑटिझम होतो. १९९८ साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा बारा मुलांवरचा लेख छापून आला, तिथून हे सुरू झालं. त्या मासिकाने २०१० साली तो लेख मागे घेतला, त्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं आणि नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत तसला काही संबंध सापडला नाही. एवढं सांगून थांबा. इंग्रजी पाठवापाठवीत हरायची हौस मला नाही.

आणि रुबेला विसरू नका, एमआरमधला ‘आर’ तोच. मुलाला तो साधा ताप-पुरळ वाटतो. पण गरोदर बाईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय जन्मतः बिघडू शकतं. २०१७ च्या फेब्रुवारीत देशभरची एमआर मोहीम ज्या पहिल्या राज्यांपासून सुरू झाली त्यांत गोवा होता. तेव्हा शाळेच्या बाकांवर बाही वर करून बसलेल्या मोठ्या मुली आता स्वतः आया होताहेत.

सत्राच्या दिवशी

ही लस पूड स्वरूपात येते, पाच किंवा दहा डोसांची एक कुपी. ती सोबतच्या द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. त्यामुळे एकाच मुलासाठी कुपी फोडायला हात कचरतो आणि आईला ‘पुढच्या सत्राला या’ असं ऐकावं लागतं. सरकारी सूचना मात्र स्पष्ट आहे की एक मूल आलं तरी कुपी फोडायची. तुमच्या वाड्यावरच्या आईला कुणी असं परत पाठवलं तर शांतपणे पण ठामपणे विचारा. फेकलेले नऊ डोस परवडतात. आणि वही नीट असेल तर नऊ वाया जायचेच नाहीत, त्या दिवशी सात-आठ मुलं एकत्र आणता येतात.

कुपीवर फोडल्याची वेळ लिहिलेली असते. ती बघायचा हक्क आईला आहे. सिस्टरने राग धरू नये, मी कधी धरला नाही. कारण ही मिसळण्याची पायरी नाजूक आहे. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात जुलै २०१८ मध्ये दोन नर्सनी पुडीत नेहमीच्या पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं आणि दोन बाळं गेली. सरकारने लसीकरण काही महिने थांबवलं, लोकांचा विश्वास उडाला, लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी गोवर पोचला. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसं मेली, बहुतेक पाच वर्षांखालची. डिसेंबर २०१९ मध्ये दोन दिवस सगळा देश बंद ठेवून पथकं घरोघर फिरली, आणि ज्या घरात लस राहिली होती त्या घराने दारात लाल फडका लावायचा, अशी सूचना होती. नव्या सिस्टरना मी सांगते: द्रावणाची कुपी लसीबरोबर आलेलीच घ्यायची, थंड असलेलीच घ्यायची आणि तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं. त्याच फ्रिजमध्ये दुसरं औषध ठेवायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

डोस झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. तेवढ्या वेळात ‘अ’ जीवनसत्त्वाचं सिरप द्या: नवव्या महिन्याच्या डोसाबरोबर एक मिली, सोळाव्या महिन्यानंतर दोन मिली आणि मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. तारीख कार्डावरही लिहा आणि वहीतही. आईच्या फोनवर कार्डाचा फोटो काढून द्या. कार्ड पावसात भिजतं, फोटो राहतो.

आणि गोवर आलाच तर

ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. एवढं दिसलं की निदानाची वाट न बघता आरोग्य केंद्राला फोन करा. आधी फोन, मग मूल. भरल्या बाह्यरुग्ण विभागात त्या मुलाला बसवलं तर तिथून दहा घरं लागतील. केंद्रातून माणूस येऊन रक्ताचा नमुना घेईल. तो देऊ द्या, कारण तपासणीशिवाय गोवर की दुसरं काही ते नक्की ठरत नाही आणि आजूबाजूची वस्ती तपासायला पथकही निघत नाही.

पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल घरात. दाराला कडुलिंबाचा टाळा लावायचा असेल तर लावा, देवीचं म्हणून घरात नुस्तं (मासे) शिजवायचं नसेल तर नका शिजवू, माझी हरकत नाही. पण मुलाचं खाणं बंद करू नका. उकड्या तांदळाची पेज, शहाळं, आईचं दूध, जे घेईल ते आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा. अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस लागोपाठ दोन दिवस डॉक्टर वयाप्रमाणे देतात, ते चुकवू नका. डोळे आणि जीव दोन्ही त्याने वाचतात. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल पाणीही घेईना, झटका आला किंवा गुंगी आली, तर १०८ ला फोन. पुरळ गेलं की आजार संपला असं समजू नका. गोवर शरीराची आधीच्या रोगांविरुद्धची तयारीही पुसून टाकतो, त्यामुळे पुढचे काही महिने या मुलाकडे लक्ष ठेवावं लागतं.

त्याच दिवशी वही उघडा. त्या खोलीतल्या, शेजारच्या, त्याच अंगणवाडीतल्या ज्या मुलांचे डोस राहिलेत त्यांना संपर्क झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर गोवर टळू शकतो. नऊ महिन्यांखालच्या बाळांचं काय करायचं ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांवरच्या बाळांनाही जादा डोस दिले. तो डोस हिशेबात धरत नाहीत, नवव्या आणि सोळाव्या महिन्याचे पुढे घ्यावेच लागतात. आईला हे दोनदा सांगा, कारण कार्डावर एक तारीख दिसली की ती निश्चिंत होते.

एक काम मे महिन्यात करायचं असतं, ते बहुतेक राहून जातं. पाऊस लागायच्या आधी खाणी बंद होतात, बांधकामं मंदावतात आणि माणसं गावी निघतात. मेच्या पहिल्या आठवड्यात वहीतून परतणाऱ्यांची नावं काढा. सोळा महिन्यांवरच्या ज्या मुलांच्या पहिल्या डोसाला चार आठवडे होऊन गेलेत त्यांचा दुसरा डोस इथेच उरकून घ्या. बाकीच्यांच्या कार्डावर पुढच्या डोसाची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, गावाजवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते विचारून तेही लिहा, आणि यू-विनवर नोंद झाली आहे ना ते बघा, म्हणजे तिकडच्या सिस्टरला ती दिसेल. तारीख आली की एक फोन करा. दिवाळीनंतर त्याच शेडमध्ये नवी माणसं येतील, तेव्हा वहीचं नवं पान काढा.